सकाळच्या वचनाच्या पुढे

गेल्या रविवारी उपासना संपल्यावर आमच्या मंडळीतील एका तरुणाने मला विचारले, "काका, विश्वासात वाढायचे तर काय वाचू?" फाटकापाशी उभ्या उभ्या दिलेले उत्तर अपुरे वाटले, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

माझ्या मते आपली वाढ खुंटते ती वचने तुकड्यातुकड्याने वाचण्याच्या सवयीमुळे. बायबलातील यिर्मया या पुस्तकाच्या २९व्या अध्यायातील ११वे वचन रोज सकाळी कोणाच्या तरी व्हॉट्सॲपवर फुलांच्या चित्रासह येते: देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत. पण ते वचन बाबेलात बंदिवान होऊन पडलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातले आहे आणि त्याच्या आधीच्याच वचनात सत्तर वर्षे थांबावे लागेल असे सांगितले आहे. तोवर घरे बांधा, मळे लावा, ज्या नगरात आहात त्याच्या हितासाठी प्रार्थना करा, असेही ते पत्र बजावते. हे सारे वाचल्यावर ते वचन पुढच्या महिन्यातील नोकरीची हमी राहत नाही. ते अधिक खोल होते.

म्हणून प्रारंभ मार्ककृत शुभवर्तमानाने करावा. सोळाच अध्याय आहेत. फोन बाजूला ठेवला तर एका बैठकीत संपतात. त्यातले शिष्य वादळाला घाबरतात, वधस्तंभाची गोष्ट त्यांना समजत नाही आणि अटकेच्या रात्री सगळे पळून जातात. नवख्या विश्वासणाऱ्याला याहून चांगली सोबत मला ठाऊक नाही. त्यानंतर स्तोत्रसंहिता, पण तेविसाव्या स्तोत्रापाशी न थांबता अठ्ठ्याऐंशीव्यापर्यंत जावे. ते अंधारातच संपते. माझी पत्नी गेली त्या वर्षी मला तेवढेच एक स्तोत्र म्हणता येत असे.

बायबलबाहेरचे पहिले पुस्तक कोणते, तर लक्ष्मीबाई टिळकांचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे'. मी ते प्रथम करवीर नगर वाचन मंदिरातून आणले होते, तेही केवळ साहित्य म्हणून. १८९५ साली त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. त्या वेगळ्या राहिल्या, रडल्या, भांडल्या, आणि सोवळ्याची पकड सैल होत होत स्वतःच्या पायांनी ख्रिस्ताकडे आल्या. विश्वास घरातल्या भांड्याकुंड्यांमध्ये कसा वाढतो हे त्यात दिसते, शिवाय हसू आवरत नाही. टिळकांचे अभंग सोबतीला असावेत. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले, त्यांच्या निधनानंतर १९२४ साली प्रसिद्ध झालेले बायबलचे भाषांतर कोठे पाहायला मिळाले, तर साध्या बायाबापड्यांना समजावे म्हणून त्यांनी घेतलेले कष्ट अवश्य पाहावेत.

आपल्या कोल्हापुरात मिशनचे काम १८५२ साली सुरू झाले. इतक्या जुन्या मंडळ्यांच्या कपाटांत आज समृद्धीची आश्वासने देणारी परदेशी पुस्तकेच अधिक दिसावीत, याचे मला वाईट वाटते. इंग्रजीतले सगळेच टाकाऊ आहे असे मी म्हणत नाही. मात्र आधी घरचे वाचावे.

फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी मराठी ओव्यांत रचलेले १६१६ सालचे 'ख्रिस्तपुराण' मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे. भाषा जुनी, ओव्या दहा हजारांवर. एकट्याने वाचताना मी दोनदा मध्येच सोडले. आता दर रविवारी दुपारी चार वाजता आमच्या घरी ते मोठ्याने वाचायचे ठरवले आहे. तो तरुण येणार आहे. आणखी चार खुर्च्या आहेत.