डॉक लावला म्हणून दोन मॉनिटर चालतीलच असं नाही

नागपुरातल्या आयटीवाल्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'टाइप-सी असलेल्या कुठल्याही लॅपटॉपला डॉकिंग स्टेशन लावा, दोन मॉनिटर चालतात. फक्त १०० वॉटचा डॉक घेऊ नका, बॅटरी जळते.' (डॉक म्हणजे एकाच केबलने लॅपटॉपला मॉनिटर, कीबोर्ड, चार्जिंग सगळं जोडून देणारा डबा.) राजेहो, दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

टाइप-सी हा नुसता पोर्टचा आकार. त्यातून चित्र बाहेर यायला लॅपटॉपमध्ये डिस्प्लेपोर्ट अल्ट मोड किंवा थंडरबोल्ट, म्हणजे त्याच पोर्टमधून व्हिडिओ पाठवायची सोय, लागते. बऱ्याच स्वस्त लॅपटॉपांत तिथून फक्त डेटा जातो. मग डॉकवर कीबोर्ड, माऊस, पेन ड्राइव्ह सगळं चालेल, मॉनिटर मात्र काळाच. एम१ आणि एम२ चिपचे मॅकबुक एअर तर मुळात बाहेरचा एकच मॉनिटर चालवतात. डिस्प्लेलिंकचा, म्हणजे सॉफ्टवेअरच्या मदतीने चित्र पाठवणारा, डॉक घेऊन त्याचं सॉफ्टवेअर टाकलं की दुसराही लागतो, पण प्रोसेसरवर भार येतो. व्हिडिओ एडिटिंगवाल्यांनी त्या नादी लागू नये. म्हणून सीताबर्डीत घासाघीस करायच्या आधी आपल्या मॉडेलच्या पोर्टची माहिती कंपनीच्या साइटवर वाचा. दुकानदाराचं 'चालते ना भाऊ' पुरेसं नाही.

बॅटरीचं म्हणाल तर यूएसबी पॉवर डिलिव्हरीत, म्हणजे टाइप-सीवरून चार्जिंग करायच्या पद्धतीत, डॉक आणि लॅपटॉप व्होल्टेज आधी आपसात ठरवतात, आणि लॅपटॉप लागेल तेवढीच वीज ओढतो. ६५ वॉटच्या लॅपटॉपला १०० वॉटचा डॉक बिनधास्त लावा. उलट कमी वॉटचा लावला तर चार्जिंग रखडतं.

डॉक गरम होतो, हे खरं. पण मे महिन्यात आपल्याकडे गार राहतं तरी काय?