एसीच्या रिमोटवरचं भांडण

2025 च्या जूनमध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल यांनी जाहीर केलं की नवे एसी 20 ते 28 अंशांच्या मध्येच चालतील असा नियम येणार. त्या दिवशी आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जी जुंपली, ती दोन दिवस थांबली नाही. ‘आता सरकार बेडरूममध्येही शिरणार’ असा एक पक्ष. ‘सोळावर एसी लावून वर दुलई घेणाऱ्यांना असंच पाहिजे’ असा दुसरा. मी जर्मनीत बसून वाचत होतो आणि मला हसू येत होतं, कारण हेच भांडण मी 2023 साली इथे ऐकलं होतं, अगदी याच सुरात. फक्त तिथलं यंत्र घर गार करणारं, इथलं गरम करणारं.

इथल्या सरकारने तेव्हा ठरवलं होतं की यापुढे नवं हीटिंग बसवायचं तर त्यातली निदान 65 टक्के ऊर्जा नवीकरणीय हवी. झालं! सरकार लोकांच्या तळघरात, घर तापवणाऱ्या बॉयलरपर्यंत शिरतंय म्हणून एवढा गदारोळ उठला की मसुदा पातळ करत करत कायदा कसाबसा 2024 च्या जानेवारीत लागू झाला, आणि पुढच्याच वर्षी आलेल्या नव्या आघाडीने तो रद्द करण्याचं आश्वासन आपल्या करारातच लिहून टाकलं. त्या दिवसांत ‘हीट पंप’ (बाहेरची उष्णता ओढून घर तापवणारं विजेवरचं यंत्र) हा शब्द शिवीसारखा वापरला जायचा.

दोन्हीकडे लोक यंत्रावरून भांडले आणि घर बाजूलाच राहिलं. पिंप गळतंय, आणि वाद चाललाय तो कुठल्या तांब्याने भरायचं याचा.

गळणं म्हणजे काय ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या इमारतीच्या खिडक्या बदलल्यानंतर एक तंत्रज्ञ तपासणीला आला. दाराच्या चौकटीत त्याने कापड ताणून बसवलं, त्यात मोठा पंखा लावला आणि घरातली हवा बाहेर ओढायला सुरुवात केली, आतबाहेरच्या हवेच्या दाबात 50 पास्कलचा फरक पडेपर्यंत. मग धूर सोडणारी एक नळी हातात घेऊन तो भिंतीभिंतीने फिरला. नव्याकोऱ्या खिडकीपाशी धूर सरळ उभा. विजेच्या एका बोर्डापाशी मात्र धुराची रेघ सर्रकन आत वाकली. ‘तुमची खिडकी ही आहे,’ तो बोर्डाकडे बोट दाखवत म्हणाला. पॅसिव्ह हाउसच्या, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत उबदार राहणाऱ्या घराच्या कसोटीत एवढ्या दाबाखाली घरातली हवा तासाला फार तर 0.6 वेळा बदललेली चालते. आमचा आकडा त्याच्या पाचपट होता.

हवाबंद घराचं हे वेड तसंच्या तसं उचलून भारतात न्यावं असं मी म्हणणार नाही. इथल्या भिंतींना जाड जाकिटं चढवतात ती आतली ऊब राखायला. आपल्याकडचा शत्रू डोक्यावरून येतो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहा वाजता खाली उष्णता ओतत असतो, हे वरच्या मजल्यावर राहिलेल्या कुणालाही सांगायला नको. तिथे छतावरचा पांढरा परावर्तक थर आणि खिडकीबाहेरचा छज्जा पुष्कळ काम करतात. ऊन काचेच्या बाहेरच अडवायचं असतं. काचेतून आत आल्यावर पडदा ओढणं म्हणजे वरातीमागून घोडं. आणि आपण काय करतो, तर पश्चिमेला अख्खी काचेची भिंत उभी करतो आणि मग रिमोटवरून भांडतो. तेलंगणाने 2023 मध्ये गार छतांसाठी वेगळं धोरण आणलं, त्यावर ग्रुपमध्ये कुणी चकार शब्द काढल्याचं आठवत नाही.

रिमोटचा आकडा अगदीच निरर्थक आहे असंही नाही. एक अंश वर गेलं की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. पण आपल्या बहुसंख्य घरांत अजून एसीच नाही. त्यांना रिमोटचा नियम लागू होत नाही, स्लॅब मात्र रोज लागू होतो.

जर्मनीकडून घ्यायचंच तर मी त्यांचं इन्सुलेशन सोडून कागद घेईन. तेलसंकटानंतर 1977 मध्ये त्यांनी घरातून किती उष्णता निसटू द्यायची याचा पहिला नियम केला. आता घर भाड्याने किंवा विकायला काढलं की त्याचं ऊर्जा प्रमाणपत्र दाखवावं लागतं, आणि 2014 पासून त्यातले आकडे जाहिरातीतही छापावे लागतात. प्रमाणपत्रावर हिरव्यापासून लालपर्यंत पट्टा आणि ए प्लस ते एच असे वर्ग. यातही पळवाट आहेच. एका प्रकारचं प्रमाणपत्र आधीच्या रहिवाशांच्या वापरावरून निघतं, म्हणजे स्वेटर घालून बसणारी कंजूष मंडळी राहून गेली असली की घर कागदावर गुणी ठरतं. आमचं पहिलं घर असंच होतं: वर्ग बरा आणि पाय बर्फ.

2023 पासून त्यांनी आणखी एक खुंटी मारली. हीटिंगच्या बिलातला कार्बन कर घरमालक आणि भाडेकरू यांच्यात दहा पायऱ्यांनी वाटला जातो. इमारत जितकी वाईट, तितका मालकाचा वाटा मोठा, अगदी 95 टक्क्यांपर्यंत. कित्येक वर्षं आम्ही मालकाला तळघराच्या छताला इन्सुलेशन लावा म्हणून विनवत होतो. वाटणीचं पहिलं बिल आलं आणि त्याच उन्हाळ्यात शिड्या आल्या.

आपल्याकडे नियमच नाहीत असं कुणी समजू नये. व्यापारी इमारतींसाठी 2007 पासून ऊर्जा संहिता आहे, घरांसाठी 2018 ची इको निवास संहिता आहे. भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता चौरस मीटरमागे 15 वॅटच्या वर जाऊ नये, असं ती सांगते. पण संहिता केंद्राची, बांधकाम नियमावली राज्याची, नकाशा मंजूर करणारी महापालिका; आणि फ्लॅट घेणाऱ्याने हा आकडा जन्मात ऐकलेला नसतो. फ्रिजवरचे तारे मोजणारा माणूस इमारतीपाशी आला की ‘फाइव्ह स्टार’ म्हणजे लॉबीतलं झुंबर समजतो!

करता येत नाही असंही नाही. सुपर बिल्ट-अपच्या नावाखाली जिना आणि लिफ्टसुद्धा आपल्याला विकली जात होती. रेरा हा घरखरेदीचा कायदा आला आणि बिल्डरला कार्पेट एरिया लिहावा लागला. त्याच पानावर आणखी एक ओळ छापायला किती शाई लागणार आहे?

दादा सध्या नव्या फ्लॅटच्या शोधात आहे. मी त्याला म्हटलं, बिल्डरच्या ऑफिसात जाशील तेव्हा तो 15 वॅटचा आकडा विचार. संध्याकाळी त्याचा मेसेज आला: ‘विचारलं. ते म्हणाले, सर, पश्चिमेला फुल ग्लास आहे, सनसेट व्ह्यू. आणि बुकिंगवर दोन एसी फ्री.’