एक गाडी आधीची

शुक्रवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि लेट मार्कचा कागद पुढे केला. या महिन्यातला तिसरा. आमच्याकडे तीन झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कापतात. नियम आहे, कापा, त्यावर मी काही बोलले नाही. मी उठले तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, एक गाडी आधीची पकडत जा ना." रागावून नाही हो, अगदी समजावून सांगितल्यासारखं. ते ऑफिसपासून वीस मिनिटांवर राहतात. दोन दिवस झाले, ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. आज रविवार, घरी आहे, म्हणून लिहायला बसले.

मी बदलापूरला राहते, नोकरी फोर्टात, एका खासगी कंपनीच्या अकाउंट्स विभागात. सोळा वर्षं झाली. बदलापूर ते सीएसएमटी 68 किलोमीटर. ऑफिस साडेनऊचं. मी सातला पाच कमी असताना घर सोडते. आधी शेअर रिक्षा, मग दीड तासाहून जास्त गाडी, मग सीएसएमटीवरून चालत. सगळं सुरळीत झालं तर सव्वानऊला थंब लागतो, म्हणजे हाताशी पंधरा मिनिटं असतात. कल्याणच्या आधी सिग्नल लागला की ती तिथेच संपतात.

आणि सिग्नल लागतोच. कल्याणला कसाऱ्याकडची आणि कर्जतकडची अशा दोन्ही लाइनी एकत्र येतात, दोन्ही घाटांतून उतरलेल्या मेल-एक्स्प्रेसही तिथेच येतात. बदलापूर ते कल्याण लोकल आणि मेल यांना मिळून एक अप आणि एक डाऊन, एवढेच दोन रूळ. तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचं काम चालू आहे. तोपर्यंत मेल पुढे काढायची तर आमची लोकल थांबणार. मोटरमन काही करू शकत नाही, मीही काही करू शकत नाही. पण दहा मिनिटं जातात ती माझ्या नावावर.

आता आधीच्या गाडीचं सांगते. आमच्या बिल्डिंगला पाणी सव्वापाचला येतं, सहापर्यंत असतं. तेवढ्यात भरून झालं पाहिजे. नवऱ्याची अंबरनाथ एमआयडीसीत पहिली पाळी, तो सहाला बाहेर. त्यानंतर तीन डबे, सासूबाईंचा चहा आणि गोळ्या. आधीची गाडी म्हणजे वीस मिनिटं आधी. ती वीस मिनिटं आणायची कुठून? पाणी काही माझ्यासाठी पाचला येणार नाही. आणि खरं सांगायचं तर आधीची गाडी मी दोनदा पकडून झालेय. नोकरीला लागले तेव्हा सात चव्वेचाळीसची पकडायचे आणि वेळेत पोचायचे. गर्दी वाढली, गाड्या रखडायला लागल्या, तशी सात बत्तीसची धरली, मग सात चौदाची. प्रत्येक वेळी मीच मागे सरकले. ऑफिसची वेळ जागची हलली नाही.

घरी परत यायला साडेआठ होतात. जाऊन-येऊन साडेचार तास. वर्षाचे 250 दिवस धरले तर 1125 तास. आठ तासांची एक पाळी म्हटलं तर 140 पाळ्या. मी हिशेबाची बाई आहे, हा आकडा तीनदा मांडून पाहिला. एवढ्या पाळ्या मी दर वर्षी करते आणि त्यांची नोंद कुठल्याच मस्टरवर नाही.

हा वेळ कुणाचा जातो तेही सांगते. मुलगी दहावीला आहे. रात्री मी जेवून ओटा आवरते तोवर तिचे डोळे मिटायला लागतात. म्हणून ती एका चिठ्ठीवर अडलेली उदाहरणं लिहून माझ्या पर्सच्या पुढच्या कप्प्यात ठेवते. "आई, सराव संच, 4 आणि 7. सातवं आधी." ठाण्याला कुणी उतरलं की मला चौथी सीट मिळते, म्हणजे तिघींच्या बाकावर कडेला चौथीची जागा. तिथे अर्ध्या बुडावर बसून, वही पर्सवर टेकवून मी वर्गसमीकरणं सोडवते. गाडी हलते, आकडे वाकडे येतात, मी फोटो काढून पाठवते. परवा तिने उलट विचारलं, "यात 1 आहे की 7?" तेव्हा मी मस्जिद स्टेशनपाशी पोचले होते. लगेच फोन केला, पण तोवर ती शाळेत शिरली होती आणि फोन घरीच. त्या दिवशी तिचा तोच पेपर होता.

लोकलमध्ये भाजी निवडणाऱ्या बायकांचे फोटो लोक कौतुकाने टाकतात, मुंबईचं स्पिरिट म्हणून. मी पण गवार मोडलीय गाडीत, मटार सोललेत. कृपा करून त्याला स्पिरिट म्हणू नका. घरी वेळ उरत नाही म्हणून आम्ही भाजी गाडीत निवडतो. त्या बाईला घरी तासभर आधी पोचता आलं असतं तर तिने ती गवार आपल्या ओट्यापाशी, मुलांशी बोलत मोडली असती.

9 जून 2025 चा सोमवार आठवा. मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्यांच्या दारांत लटकलेली माणसं खाली पडली, त्यात जीव गेले. मग दारं आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांची चर्चा झाली. व्हायलाच हवी. पण माणूस दारात का लटकतो, याची चर्चा झालेली मी तरी ऐकली नाही. दारात कुणी हौसेने लटकत नाही. पुढची गाडी धरली तर लेट मार्क, म्हणून ह्याच गाडीत पाय ठेवायचा असतो. सगळ्या मुंबईने साडेनऊ ते दहाच्या दरम्यान टेबलाशी बसायचं ठरवलंय, मग सात ते नऊमध्ये दुसरं काय होणार? 2023 साली मध्य रेल्वेने कार्यालयांना पत्रं पाठवून वेळा पुढे-मागे करायची विनंती केली होती. रेल्वेच सांगतेय की एकाच वेळी सगळे येऊ नका. आमच्या ऑफिसात त्यावर एक शब्द निघाला नाही.

माझे वडील लालबागला गिरणीत होते. भोंगा झाला की घरातून निघायचे, दहा मिनिटांत खात्यात. दुपारी आई मला कडेवर घेऊन त्यांचा डबा द्यायला जायची. 1982 चा संप झाला, गिरणी पुन्हा सुरू झाली नाही, खोली विकून आम्ही बदलापूरला आलो. स्वस्त होतं, पाऊस भरपूर, मोकळी हवा, वडील म्हणायचे बरं झालं. आता रोज सकाळी माझी फास्ट गाडी करी रोड, चिंचपोकळी न थांबता मागे टाकते, आणि जिथे गिरण्यांच्या चिमण्या होत्या तिथे काचेची ऑफिसं दिसतात. कामाची जागा तिथेच राहिली, काम करणाऱ्यांची घरं तेवढी 60-70 किलोमीटर लांब गेली. लांब राहायला गेलात हा तुमचा प्रश्न, असं कुणी म्हणालं की मला फार लागतं.

मार्च 2020 मध्ये लोकल बंद झाली. मी जुना लॅपटॉप देवघरापाशी मांडून बसले आणि मार्चएंडिंग केलं. जीएसटीचे रिटर्न वेळेत गेले, ऑडिट पार पडलं, एक एन्ट्री चुकली नाही. साहेबांनी मेलवर शाबासकी दिली होती, तो मेल अजून माझ्याकडे आहे. ज्या कामासाठी मी रोज 136 किलोमीटर जाते-येते ते काम तेव्हा घरून झालं. गाड्या सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यातच सगळ्यांना परत बोलावलं.

मी फुकटची सवलत मागत नाहीये. आठवड्यातले दोन दिवस घरून काम द्या, उरलेले तीन दिवस अकरा ते साडेसात ठेवा. तास तेवढेच, काम तेवढंच. महिनाअखेरीला आणि ऑडिटच्या वेळी बोलवाल तेव्हा येईन. साहेब माणूस वाईट नाहीत, त्यांच्या वरचेही नसतील. त्यांनी सकाळी बदलापूरच्या फलाटावर पाय ठेवलेला नाही, एवढंच.

अर्ज उद्या द्यायचा ठरवलंय. मराठीत लिहून झाला, इंग्रजीत करायचा राहिलाय. तुमच्यापैकी कुणाच्या ऑफिसने अशी वेळ बदलून दिली असेल तर अर्जात काय लिहिलं होतं ते मला आज रात्रीपर्यंत कळवा. मी जागी आहे.