बूच लावलंत का?

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी सकाळी जॉर्जियन बेच्या, म्हणजे कॅनडातल्या ह्युरॉन सरोवराच्या उपसागराच्या, पूर्व किनाऱ्यावर बोटी पाण्यात उतरवायच्या कुठल्याही रॅम्पवर जाऊन उभे राहा. कॅनडातली माणसं एरवी हवापाण्याच्या गप्पा मारल्याशिवाय मुद्द्यावर येत नाहीत. इथे मात्र सर्वस्वी अनोळखी माणूस थेट विचारतो, ‘बूच लावलंत का?’ त्याचं इंग्रजी वेगळं असतं, काळजी हीच.

बूच म्हणजे बोटीच्या मागच्या बाजूला, अगदी तळाशी असलेल्या भोकाचं पितळी बूच. अंगठ्याएवढं. ऑन्टॅरिओचा कायदा म्हणतो की बोट ट्रेलरवरून रस्त्याने नेताना हे बूच काढलेलं असलं पाहिजे, म्हणजे आत साठलेल्या पाण्याबरोबर एका तळ्यातले उपद्रवी झेब्रा शिंपले दुसऱ्या तळ्यात जाणार नाहीत. पाण्यात उतरताना मात्र ते लावलेलंच असलं पाहिजे. हा कायदा आर्किमिडीजचा. पहिला मोडला तर दंड होतो, दुसरा मोडला तर अपील नाही. माझा उपाय साधा आहे. बूच इंजिनाच्या किल्लीच्या छल्ल्यात अडकवून ठेवतो. ते भोकात गेल्याशिवाय किल्ली मोकळी होत नाही, आणि किल्लीशिवाय इंजिन सुरू होत नाही.

मोटरबोट चालवायला कॅनडात कार्ड लागतं. त्याची परीक्षा संगणकावर देता येते आणि अभ्यास केला तर पासही होता येतं. खरी तोंडी परीक्षा रॅम्पवर असते, आणि परीक्षक असतात मागे रांगेत खोळंबलेले आठ-दहा गाडीवाले. ट्रेलर मागे घेणं म्हणजे बैलगाडी उलटी रेटणं. हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला ठेवा, मग हात जिकडे जाईल तिकडेच ट्रेलरची शेपूट जाते. वरून धरलंत की सगळं उलटं. ट्रेलर जितका आखूड तितका तो लवकर आडवा होतो, त्यामुळे छोटी बोट घेतली म्हणजे सोपं जाईल या भ्रमात राहू नये.

पाण्याजवळ पोचल्यावरही घाई नाही. दोन तास हायवेवर धावलेल्या ट्रेलरच्या चाकांचे हब तापलेले असतात. ते तसेच गार पाण्यात बुडवले की आतली हवा आकसते, सीलमधून पाणी आत ओढलं जातं आणि ग्रीसचं ताक होतं. म्हणून आधी बाजूला थांबून एक चहा. तेवढ्यात ट्रेलरच्या दिव्यांची पिन काढायची, मागचे पट्टे सोडायचे, फेंडर (बोट धक्क्याला घासू नये म्हणून लावायच्या उशा) आणि दोऱ्या बांधायच्या. बोटीला ट्रेलरवर ओढून धरणाऱ्या पुढच्या विंचचा हूक मात्र बोट तरंगेपर्यंत सोडायचा नाही. तो आधी सोडला की बोट उतारावरून घसरून थेट काँक्रीटवर बसते.

सामानाची यादीही कायद्यानेच दिलेली आहे. सहा मीटरपर्यंतच्या बोटीत इतर गोष्टींबरोबर माणशी एक अंगाला बसणारं लाइफजॅकेट, तरंगणारी किमान 15 मीटर दोरी, शिट्टी, वल्हं किंवा नांगर, आणि पाणी उपसायला पंप नाहीतर भांडं. या भांड्यात किमान 750 मिलिलिटर पाणी मावलं पाहिजे आणि त्याचं तोंड किमान 65 चौरस सेंटिमीटर हवं. ही अट वाचून टोरंटोच्या मराठी घरांना भरून यायला हवं. दह्याचे रिकामे डबे धुऊन ठेवण्याच्या आपल्या सवयीला कुठल्या तरी सरकारने अखेर मान्यता दिली. फक्त बोटीवर नेण्याआधी त्यात डोशाचं पीठ नाही ना, ते बघून घ्यावं.

आता इंजिन. ते बोटीच्या आत बसवलेलं असेल तर सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर चालवून इंजिनाच्या खणातली हवा बाहेर काढायची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचून राहते आणि एका ठिणगीची वाट बघते. चार मिनिटं म्हणजे चार मिनिटं. ती फार लांब वाटतात, कारण तोवर रॅम्पवरचे सगळे परीक्षक तुमच्याकडेच बघत असतात आणि मागच्या सीटवरून ‘अजून का निघत नाही?’ सुरू झालेलं असतं.

निघालात की समोर जे येतं त्यासाठीच लोक हा सगळा खटाटोप करतात. गुलाबी ग्रॅनाइटचे पाठी उघड्या टाकून पडलेले खडक, सततच्या पश्चिम वाऱ्याने एकाच बाजूला कललेले पाइन, निळं गार पाणी. 1615 साली इथे आलेल्या शाँप्लॅं या फ्रेंच प्रवाशाने याला ‘गोडा समुद्र’ म्हटलं. तो बिचारा वल्ह्यांच्या होडीतून आला होता, म्हणून त्याला आजूबाजूला बघायला वेळ मिळाला. मोटरबोटीच्या सुकाणूवर बसलेल्याला यातलं काही दिसत नाही. बेटं इथे तीस हजार आहेत असं म्हणतात, पण ती पाण्याबाहेर आलेली. पाण्याच्या चार इंच खाली येऊन थांबलेल्यांची गणती निराळी, आणि नकाशावर ती बारीक अधिकच्या चिन्हांनी दाखवलेली असतात. काही पानांवर ही चिन्हं तीळ सांडल्यासारखी दिसतात.

उन्हाळा संपतानाची अडचण अशी, की ह्युरॉन सरोवराची पातळी साधारण जुलैत सगळ्यात वर असते आणि मग उतरायला लागते. उतरते ती काही इंचच. पण ज्या खडकावरून जुलैत तुम्ही बिनदिक्कत गेलात, त्याचं आणि तुमचं नातं त्या काही इंचांवरच टिकलेलं होतं. अठरा फुटी बोटीला ड्राइव्ह (इंजिनाचा पंखा लावलेला खालचा भाग) खाली असताना जवळपास तीन फूट पाणी लागतं. डेप्थ साउंडर आहेच, पण तो बोटीखालची खोली सांगतो, पुढची नाही. ग्रॅनाइटचा तळ एका बोटीच्या लांबीत साठ फुटांवरून दोन फुटांवर येऊ शकतो. अशा ठिकाणी साउंडर म्हणजे बैल गेला नि झोपा केला.

म्हणून वाट दाखवणाऱ्या तरंगत्या बोयांच्या मधून जायचं. प्रवाहाच्या वरच्या दिशेने जाताना लाल बोया उजव्या हाताला, हिरवा डाव्या. लालचं डोकं टोकदार, हिरव्याचं सपाट, त्यामुळे ऊन डोळ्यांवर असतानाही ओळखू येतात. आता एवढ्या बेटांच्या जंगलात प्रवाहाची ‘वरची’ दिशा कुठली? ते नकाशा ठरवतो. डोळ्यांनी ठरवू पाहणारे खडकावर बसून नकाशा उघडतात. पाण्याखालचा खडक दिसायचा तर ऊन पाठीशी आणि डोळ्यांवर पोलराइज्ड चष्मा हवा. पूर्व किनाऱ्यावरून सकाळी निघून पश्चिमेला गेलात आणि दुपार कलल्यावर परतलात, तर दोन्ही वेळा सूर्य पाठीशी राहतो. जेवूनखाऊन आरामात निघणाऱ्या मंडळींना जातानाच ऊन समोरून आणि वाराही समोरून.

वाऱ्याचंही एक आहे. बेटांच्या आतली वाट सोडून उघड्यावर आलात आणि पश्चिमेचा 15 नॉटचा वारा असेल, तर गोड्या पाण्याच्या लाटा समुद्रासारख्या लांब डुलक्या देत नाहीत. त्या आखूड आणि उभ्या, तीन-चार सेकंदाला एक. छोटी बोट एकीवरून उतरते तोच दुसरीवर आपटते. वेग कमी करा, ट्रिम (ड्राइव्हचा कल) खाली घेऊन बोटीचं नाक पाण्यात दाबा आणि लाट किंचित तिरकी घ्या. पुढे बसलेल्यांना मागे बोलवा. ते येत नाहीत, फोटो काढत असतात.

आणि मग कधीतरी पंखा खडकाला लागल्याचा तो आवाज येतो. ‘टक्’, एवढाच. इथे माझं मत ठाम आहे, पंखा ॲल्युमिनियमचाच असावा. स्टीलचा पंखा मजबूत असतो, म्हणून धक्का स्वतः न खाता आत गिअरकडे पाठवून देतो. ॲल्युमिनियम वाकतं, गिअर वाचतो. फुटायचंच तर स्वस्तातलं फुटावं. इंजिन बंद करायचं, तळाशी पाणी येत नाही ना ते बघायचं, ड्राइव्ह वर उचलायचा. जवळ जादा पंखा, नट, वॉशर आणि पाना असेल तर काम वीस मिनिटांचं आहे. नट अडवून धरणारी कॉटर पिन सरळ करून काढायची, पंखा फिरू नये म्हणून पात्याच्या वर लाकडाचा ठोकळा अडकवायचा, नट सोडायचा, वॉशर कुठल्या क्रमाने निघाले ते ध्यानात ठेवायचं. खाली टॉवेल धरायला एक माणूस बसवायचा, कारण नट हटकून निसटतो. पाण्यातलं सूक्ष्म खाद्य झेब्रा शिंपले आणि त्यांची क्वागा भावंडं गाळून खातात, त्यामुळे पाणी इतकं स्वच्छ झालंय की वीस फुटांवर पडलेला नट स्पष्ट दिसतो. उन्हात चमकतोसुद्धा.

पेट्रोल मी तिसऱ्या हिश्शाने मोजतो. एक हिस्सा जायला, एक यायला, एक अशा दिवसांना. तासाला 25-30 लिटर पिणाऱ्या इंजिनाबाबत काटकसर करायची ती घरी करावी.

परत धक्क्याला लागताना वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून, जवळपास तीस अंशांत, शक्य तितक्या हळू. बोटीला ब्रेक नसतो. मदतीच्या भावनेने धक्का आणि बोट यांच्यामध्ये पाय घालणाऱ्याला आधीच दटावून ठेवावं. त्यासाठी फेंडर आहेत.

एक सुख मात्र गोड्या पाण्याचं. मालवण-अलिबागला खाऱ्या पाण्यातून आलेलं इंजिन गोड्या पाण्याने धुवावं लागतं. इथे दिवसभर ते गोडंच पाणी पीत असतं. बोट ट्रेलरवर ओढायची, शेवाळ उपटून टाकायचं, बूच काढायचं. तळातलं पाणी बारीक धारेने उतारावरून ओघळत जातं आणि बूच पुन्हा किल्लीच्या छल्ल्यात.

तेवढ्यात मागच्या सीटवर फोन फिरायला लागतो. कललेला पाइन, गुलाबी खडक, एका पायावर उभा बगळा, सोनेरी पाणी. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात सुकाणूशी मी आहे, मान खाली घालून साउंडरकडे बघत. त्यातल्या एकात तर बगळा माझ्याकडे बघतोय.