सार्जंटच्या बागेतले नदीदेव: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. अमेरिकन चित्रकार जॉन सिंगर सार्जंटने १९१० साली इटलीत, लुक्का शहराजवळच्या मार्लिया इथल्या हवेलीच्या बागेत केलेल्या जलरंगचित्रावर मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की, दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट, म्हणजे क्षणाचा उजेड टिपणाऱ्या) वळणाच्या या चित्रकाराला फक्त ऊन रंगवायचं होतं. प्रतीकं मी पदरची घातली.

एक गोष्ट आधीच कबूल करते. मागच्या काळपट झाडीला मी ‘मृत्यूची छाया’ म्हटलं, ते चुकलंच. सायप्रस या झाडाचं शोकाशी असलेलं नातं रोमन काळापासूनचं आहे, पण म्हणून प्रत्येक गर्द हिरव्या रंगात मरण शोधायचं नसतं.

बाकीचं मात्र सोडवत नाही. अशा आखीव-रेखीव बागेत प्रतीकं चित्रकार यायच्या कितीतरी आधीपासून असतात. चित्रात कुंडाशी पहुडलेले दोन पुतळे दिसतात, ते आर्नो आणि सेर्किओ या नद्यांचे देव आहेत. म्हणजे बागेच्या मालकाने त्या मुलखातल्या नद्याच अंगणात आणून बसवल्या! चित्रात कठड्यावर मांडलेल्या लिंबाच्या कुंड्यांचंही तेच. लिंबाला कडाक्याची थंडी सोसत नाही. हिवाळ्यात एकेक जड कुंडी आत न्यायची, वसंतात पुन्हा बाहेर मांडायची. ज्याच्याकडे तेवढी माणसं आणि तेवढी जागा, त्याच्याच कठड्यावर अशी रांग दिसणार.

आता सार्जंटने याचं काय केलं ते बघा. चित्र मोठं करून पुतळ्याच्या अंगावर नजर ठेवा. जिथे ऊन आहे तिथे जवळपास कोरा कागद. सावलीत निळसर-जांभळा वॉश (पातळ रंगाचा हात), आणि त्यातच गेरूची ऊब शिरलेली, कारण खालून उजेड परततोय. देवाला जेवढं लक्ष, तेवढंच कुंडीला. सत्ता मिरवायला बसवलेला देव इथे उन्हात तापलेला दगड होतो.

हे अजाणता झालं असेल? मला नाही वाटत. श्रीमंतांना हवी तशी त्यांची व्यक्तिचित्रं करण्यात या माणसाची उमेदीची वर्षं गेली, आणि १९०७ च्या सुमारास त्याने ती कामं घेणं जवळजवळ थांबवलं. वैभव कसं मांडतात हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्याने ऊनच रंगवलं, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. ते कशावर पडलंय, हेही त्याला दिसत होतं, एवढंच माझं म्हणणं.

मृत्यूच्या छायेची ओळ आजच काढून टाकते. नदीदेवांचा परिच्छेद तसाच ठेवणार आहे.