रिपोर्ट नॉर्मल आहे आणि डोके दुखते आहे

आमच्या सिंधुदुर्गात कोणाचे डोके महिनोन्महिने दुखत असले की त्याला औषध नंतर आणि कारणे आधी मिळतात. चष्म्याचा नंबर वाढला असेल, पित्त असेल, सायनस असेल, दमट हवेत ओले केस तसेच बांधल्याने सर्दी मुरली असेल, मोबाइल फार पाहत असाल, काही मनाला लावून घेतले असेल, गावच्या राखणदार देवाची राखण द्यायची राहिली असेल. यांतले प्रत्येक कारण सांगणाऱ्याला माझे भले व्हावे असेच वाटत असते, याबद्दल मला शंका नाही. पण या साऱ्या कारणांच्या मागे फिरून झाल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. ज्या डोकेदुखीचे कारण सापडत नाही, तिच्यावरचे उपचार कारण सापडेपर्यंत थांबवून ठेवणे ही आपली फार महागडी सवय आहे, आणि तिची किंमत दुखणाऱ्या माणसालाच मोजावी लागते.

माझे दुखणे थोडक्यात सांगते. मी मालवण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवते. काही वर्षांपूर्वी, भातलावणीचे दिवस चालू असताना, दुपारच्या तासाला नववीच्या वर्गात माझे डोके दुखू लागले. त्या दिवशी ताप नव्हता, कुठे आपटले नव्हते, कोणाशी वादावादी झाली नव्हती. रात्री झोपले तेव्हा ते दुखत होते, सकाळी उठले तेव्हाही दुखत होते, आणि तेव्हापासून ते कमीजास्त होते, परंतु पूर्ण थांबलेले नाही. या प्रकाराला वैद्यकशास्त्रात 'न्यू डेली पर्सिस्टंट हेडेक' म्हणतात. सुरुवात झाली तो दिवस रुग्णाला नेमका आठवतो, चोवीस तासांच्या आत वेदना अखंड होते आणि ती तीन महिन्यांहून अधिक टिकते, अशी त्याची ओळख आहे. वॉल्टर व्हॅनास्ट या डॉक्टरांनी १९८६ साली त्याचे प्रथम वर्णन केले, तेव्हा त्यांनी तो सौम्य आणि बहुधा आपोआप बरा होणारा मानला होता. पुढच्या अनुभवाने तो आशावाद बराच उतरवला. काहींचे दुखणे खरोखरच निवळते, काहींचे वर्षानुवर्षे राहते, आणि कोणाचे काय होईल हे आधी सांगता येत नाही.

माझ्या प्रकारच्या रुग्णांहून कितीतरी अधिक लोक दीर्घकालीन मायग्रेनने किंवा ताणाच्या डोकेदुखीने त्रस्त असतात. महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस आणि सलग तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ डोके दुखत असेल, तर ते दुखणे दीर्घकालीन धरले जाते. ही मोजमापे डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातली आहेत. त्या वर्गीकरणाची पहिली आवृत्ती १९८८ साली आली आणि तिसरी २०१८ साली. त्याची मूळ मांडणीच अशी आहे की डोकेदुखीचे दोन मोठे गट पडतात: एक, जिच्या मागे दुसरा आजार असतो ती, आणि दुसरी, जी स्वतःच आजार असते. दुसऱ्या गटातल्या दुखण्याला 'पण हे कशामुळे?' असे विचारत राहणे म्हणजे दम्याच्या रुग्णाला 'पण तुम्हाला धाप का लागते?' असे विचारून पंप न देण्यासारखे आहे.

या गटातले निदान यंत्रावर होत नाही, रुग्णाला प्रश्न विचारून आणि त्याला तपासून होते. कुठे दुखते, ठणकते की आवळते, उजेड आणि आवाज सोसतो का, मळमळते का, चालल्यावर वाढते का, महिन्यातून किती दिवस, किती गोळ्या. एमआरआय काढतात तो दुसरा आजार नाही याची खात्री करण्यासाठी. मेंदूच्या गाभ्याला स्वतःला वेदना जाणवत नाही. मेंदूभोवतीची आवरणे, रक्तवाहिन्या, मानेचे आणि डोक्याचे स्नायू यांच्याकडून निघालेले संदेश मज्जातंतूंमार्फत आत पोचतात, तेव्हा आपल्याला डोके दुखल्याचे कळते. त्या संदेशवहनात बिघाड झाला तर एमआरआयच्या चित्रात त्याचा मागमूस असायचे कारण नाही, कारण ते चित्र रचनेचे असते. पण घाट चढून कोल्हापूरला जायचे किंवा खाली गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात जायचे, दिवस मोडायचा, पैसे भरायचे, त्या खडखडाटात निपचित पडून राहायचे, आणि शेवटी कागदावर 'नॉर्मल' असे वाचायचे, एवढे झाल्यावर घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि रुग्णाचा मात्र तिथेच अडकतो. आमच्या घरी त्या दिवशी देवापुढे पेढे ठेवले गेले. मीही एक खाल्ला. डोके दुखतच होते.

कारण शोधूच नये, असे माझे म्हणणे नाही. अचानक, काही क्षणांत टोकाला गेलेली, आयुष्यात कधी अनुभवली नव्हती अशी डोकेदुखी. ताप आणि मान ताठणे. हातापायातली ताकद जाणे, बोलणे अडखळणे, दृष्टी जाणे, फिट येणे. डोक्याला मार बसल्यानंतरचे दुखणे. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेले किंवा गरोदरपणात उद्भवलेले दुखणे, यांतले काहीही असेल तर तिथे घरगुती उपाय करत बसू नये, लगेच रुग्णालय गाठावे. हा शोध एकदा नीट व्हायलाच हवा. माझा आक्षेप तो नीट झाल्यानंतरही शोधतच राहण्याला आहे.

कारण यंत्रात सापडले नाही की ते माणसाच्या स्वभावात शोधले जाते. 'काही निघाले नाही' हे वाक्य शेजारच्या घरी पोचेपर्यंत 'काही नाहीच' असे होते. बाई असेल तर तिला कामाचा कंटाळा आहे, पुरुष असेल तर तो मनाने हळवा आहे. शाळेच्या रजेच्या अर्जात आजाराचे स्वरूप लिहावे लागते. तिथे 'डोकेदुखी' लिहिले की वाचणारा वर पाहतो. मलेरिया लिहिले असते तर पाहिले नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार २०२१ साली जगातल्या सुमारे ३१० कोटी लोकांना डोकेदुखीचा कुठला ना कुठला विकार होता. इतक्या सर्वसामान्य दुखण्याचे नशीबच असे की प्रत्येकाला ते आपल्याला माहीत आहे असे वाटते. ज्याचे डोके वर्षातून चार वेळा दुखते, तो रोज दुखणाऱ्याला सल्ला देतो. कायद्याच्या बाजूनेही आधार नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिलेले आहेत आणि त्यांत दीर्घकालीन मज्जासंस्था विकारांचाही उल्लेख आहे, पण डोकेदुखीचे नाव नाही. टक्क्यांत मोजून प्रमाणपत्र द्यायचे, आणि वेदना मोजायचे यंत्र नाही, ही अडचण मला समजते. निदान रजा मागणाऱ्याकडे संशयाने पाहू नये, यासाठी तरी कायद्याची गरज पडू नये.

घरगुती उपायांविषयी माझ्या मनात राग नाही. सासूबाई सहाणेवर सुंठ उगाळून कपाळाला लेप लावतात. तो आधी गार लागतो, मग हळूहळू चुणचुणतो, आणि वाळू लागला की कातडी ओढली जाते. ती ओढ जाणवते तेवढा वेळ आतल्या दुखण्यावरून लक्ष उडते. याला उपचार म्हणता येणार नाही, पण कोणीतरी आपल्यासाठी खाली बसून सुंठ उगाळते, हे दुखणाऱ्याला हवेच असते. देवळात गाऱ्हाणे घातले, कौल घेतला, त्यालाही माझी ना नाही. अडचण तेव्हा होते जेव्हा कौलाने उजवे दिले, म्हणजे देवाने होकार दिला, म्हणून चालू असलेले औषध बंद करायला सांगितले जाते.

राग आहे तो सुट्ट्या गोळ्यांवर. आपल्या वाडीवाडीतल्या किराणा दुकानात वेदनाशामक गोळी बिस्किटाच्या पुड्याइतक्या सहज मिळते, आणि काजूच्या कारखान्यात दिवसभर बसणाऱ्या, मासळीच्या लिलावाला पहाटे उठणाऱ्या बायका चहाबरोबर ती घेऊन कामाला लागतात. त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही, कारण रजा त्यांना परवडत नाही. मात्र ज्यांना मुळातच डोकेदुखीचा विकार आहे त्यांनी साधी वेदनाशामके महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस, आणि मिश्र वेदनाशामके किंवा मायग्रेनची ट्रिप्टान गटातली औषधे दहा किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त घेतली, तर त्या गोळ्यांमुळेच डोके रोज दुखू लागू शकते. गोळी सोडली की सुरुवातीचे काही दिवस दुखणे उलट वाढते, म्हणून माणूस पुन्हा गोळीकडे वळतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी लागते. कारणाचा शोध चालू असलेल्या महिन्यांत हे नेमके घडते, आणि ते कोणी विचारतही नाही.

दीर्घकालीन डोकेदुखीत खरा उपयोग होतो तो रोज घ्यायच्या प्रतिबंधक औषधांचा, आणि इथे दुसरीच गंमत आहे. ही औषधे बहुतेक दुसऱ्याच आजारांसाठी आलेली आहेत: अमिट्रिप्टिलीन नैराश्यासाठी, प्रोप्रॅनोलॉल रक्तदाबासाठी आणि हृदयासाठी, टोपिरामेट फिटसाठी. त्यामुळे बाजारातल्या औषधाच्या दुकानात चिठ्ठी दिली की पलीकडून भर गर्दीत विचारणा होते, 'बाई, फिट कोणाला येते?' माझ्या ओळखीच्या एका मुलीच्या घरी अमिट्रिप्टिलीनची पट्टी पाहून 'ही वेड्यांची गोळी' म्हणून ती फेकून देण्यात आली. डोकेदुखीसाठी हे औषध नैराश्याच्या मात्रेपेक्षा बरेच कमी, रात्री एकदा, देतात. सकाळी जडपणा येतो, तोंड कोरडे पडते, आणि गुण दिसायला काही आठवडे जावे लागतात. हे कोणी आधी सांगितले नाही तर रुग्ण आठव्या दिवशी औषध सोडतो आणि म्हणतो, फरक नाही. खास मायग्रेनसाठी तयार झालेली सीजीआरपीविरोधी (मायग्रेनच्या वेदनेत भाग घेणाऱ्या शरीरातल्या एका रेणूला अडवणारी) इंजेक्शने २०१८ पासून वापरात आली आहेत. ती आमच्या पगारात बसणारी नाहीत.

मला उपयोगी पडले ते तालुक्याच्या ठिकाणचे एक साधे एमडी डॉक्टर. त्यांनी नवी तपासणी लिहून दिली नाही, नोंद ठेवायला सांगितली. तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर, जिथे दुधाचा हिशेब आणि सिलिंडर लावल्याची तारीख असते, त्याच चौकोनांत कोपऱ्यात मी शून्य ते दहापैकी एक आकडा आणि गोळी घेतली असेल तर एक टिंब लिहिते. पान फाडायचे आणि डॉक्टरांकडे न्यायचे. उपास सोडायला उशीर झालेले दिवस, चवथीत चाकरमानी आल्यावरची भजनाची जागरणे, घाटातल्या एसटीचा प्रवास, मे महिन्यातली उकाड्याची दुपार, यांनी माझे दुखणे वाढते हे त्या पानांवरून दिसले. मूळ कारण त्यातून सापडले नाही. मात्र आकडा सातवरून चारवर येऊ शकतो हे दिसले, आणि चार असताना मी वर्ग घेऊ शकते, वह्या तपासू शकते, नातेवाइकांशी नीट बोलू शकते. हे काम करायला मेंदूविकारतज्ज्ञच लागतो असे नाही. आमच्या ग्रामीण रुग्णालयांतल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांनी डोकेदुखीच्या रुग्णाला पंधरा मिनिटे दिली, महिन्याचे पान मागितले, गोळ्या मोजल्या आणि धोक्याची लक्षणे विचारली, तर घाट चढायची वेळ फार थोड्यांवर येईल. ती पंधरा मिनिटे देता यावीत एवढे डॉक्टर तिथे नेमले जावेत, ही मागणी अर्थातच त्यांच्याकडे नाही, वर आहे.

शेजारच्या काकी अजूनही गडग्यापलीकडून विचारतात, 'गो, टकला दुखूचा रवला काय?', म्हणजे डोके दुखायचे थांबले का. मी पूर्वी कारणांसकट लांबलचक उत्तर देत असे, आता त्या दिवसाचा आकडा सांगते. त्यांनाही ते अंगवळणी पडले आहे. पाच म्हटले की त्या माशांचे दर सांगत बसतात, आठ म्हटले की आत जायला सांगतात. औषधाची मात्रा चवथीनंतर पुन्हा बघायची, असे डॉक्टरांशी ठरले आहे.