परदेशात कसं चाललंय, हे सोबत आलेल्या माणसाला विचारा

परदेशात गेलेला माणूस समाधानी आहे का, यावर आपल्याकडे भरपूर बोललं जातं आणि दर वेळी मोजमाप एकाच माणसाचं होतं. पगार किती, घर घेतलं का, ग्रीन कार्ड झालं का, आई-बाबांना फिरवून आणलं का. ज्याच्या नोकरीसाठी बिऱ्हाड हललं, प्रश्न फक्त त्याला. इतकी वर्षं बाहेर राहून आणि आजूबाजूची मराठी घरं बघून माझं ठाम मत झालंय, की त्या घरचं सुख सोबत आलेल्या माणसावर ठरतं. त्याला किंवा तिला तिथे स्वतःचं काम करता येतंय का, हे आधी बघावं. पगाराचा आकडा नंतर.

आपल्याकडचा आयटीवाला परदेश म्हटलं की आधी अमेरिकेकडे बघतो, आणि या बाबतीत तिथला नियम फार कठोर आहे. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्याच्या जोडीदाराला एच-फोर हा सोबत राहण्याचा व्हिसा मिळतो. त्यावर राहता येतं, शिकता येतं, पण पगार घेता येत नाही. २६ मे २०१५ पासून थोडी सवलत आली. एच-वनवाल्याचा आय-१४०, म्हणजे कंपनीने त्याच्या ग्रीन कार्डसाठी भरलेला अर्ज, मंजूर झाला असेल, तर जोडीदाराला ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, मागता येतो. पण आय-१४० कधी भरायचा हे कंपनी ठरवते. काही कंपन्या पहिल्या वर्षी भरतात, काही 'बघू' म्हणत लांबवतात, आणि तेवढी वर्षं घरातलं दुसरं माणूस थांबून राहतं. गंमत अशी, की कंपनीच्या अंतर्गत बदलीने, एल-वन व्हिसावर गेलेल्याच्या बायकोला मात्र काम करता येतं. तेच शहर, कधीकधी तीच बिल्डिंग, एकीला नोकरी करायची मुभा आणि शेजारणीला मनाई.

माझा चुलतभाऊ न्यू जर्सीत एडिसनला असतो. वहिनी आर्किटेक्ट. पुण्यात साइटवर उभी राहून कंत्राटदारांना धारेवर धरणारी बाई. तिथे गेल्यावर तिला सोशल सिक्युरिटी नंबर नाही, कारण तो कामाच्या परवान्याला जोडलेला. क्रेडिट कार्ड नवऱ्याच्या खात्यावरचं. उकडीचे मोदक ती सुरेख करते. गणपतीत ओळखीच्या घरांतून मागणी यायची आणि ती डबे भरभरून फुकट द्यायची, कारण पैसे घेतले असते तर व्हिसाचा नियम मोडला असता. लोक म्हणायचे, किती हौस आहे हिला! एकदा फोनवर मला म्हणाली, "अगं, मला एकदा कुणीतरी बिल मागावं गं." हे वाक्य मी विसरू शकत नाही.

पुढे ईएडी आलं आणि ती एका ऑफिसात ड्राफ्टिंगला लागली. तिच्यात फरक पडणार हे उघडच होतं, पण भावातही पडला. एच-वनवाल्याची नोकरी गेली की दुसरी शोधायला ६० दिवस मिळतात, नाहीतर घर आवरायचं. २०२२-२३ च्या लेऑफमध्ये तिकडच्या घराघरांत हेच दिवस मोजले जात होते. एकट्याच्या पगारावर घर असलं की हा माणूस सुट्टी मागायला कचरतो, नवी नोकरी बघायला घाबरतो, मॅनेजरला उलट शब्द बोलत नाही. वहिनीचा पगार सुरू झाल्यावर त्याने, मला वाटतं पहिल्यांदाच, शनिवारी लॅपटॉप उघडायला नकार दिला.

अर्थात वहिनीचा परवानाही त्याच्या व्हिसावरच टांगलेला. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, एका देशात जन्मलेल्यांना त्यातली साधारण ७ टक्के, आणि त्यातच बायकामुलंही मोजली जातात. म्हणून भारतीयांची रांग २०२५ मध्येही २०१२-१३ च्या अर्जांपाशी रेंगाळत होती. लहानपणी तिकडे गेलेलं मूल २१ वर्षांचं झालं की तेही या रांगेतून बाहेर पडतं आणि त्याला स्वतःचा व्हिसा शोधावा लागतो. यावर वेगळं लिहायला हवं, इथे थांबते.

आता जर्मनी, कारण ते मी स्वतः जगतेय. मी स्टुटगार्टजवळ वाहनांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर आहे. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांना मिळणारा नोकरीचा परवाना, माझं; सोबत आला तो नवरा. इथे ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला पहिल्यापासून कुठलंही काम करता येतं. येण्याआधी जर्मन भाषेची परीक्षाही द्यावी लागत नाही. कायम वास्तव्याचा परवाना बी-वन, म्हणजे मधल्या पातळीची, जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत मिळू शकतो. अमेरिकेतल्या लोकांना हे सांगितलं की ते अवाक होतात.

पण दार उघडं असलं तरी उंबऱ्यावर भाषा बसलेली आहे. माझा नवरा पुण्यात शिवाजीनगर कोर्टात वकिली करायचा. इंजिनियरची पदवी कुठेही चालते, वकिलाची सनद देशाची हद्द ओलांडली की संपली. सकाळी इंटिग्रेशन कोर्स, म्हणजे नवख्यांसाठीचा जर्मनचा वर्ग, दुपारी लेकीला किटामधून (पाळणाघरातून) आणायचं, संध्याकाळी डेर-डी-दास या जर्मन लिंगांची घोकंपट्टी. भर कोर्टात उलटतपासणी घेणारा माणूस बेकरीत ब्रेड मागायच्या आधी दारात उभं राहून मनातल्या मनात वाक्य जुळवायचा. पुण्याहून कुणाचा कोर्टातल्या गप्पांचा फोन आला की तो उचलायचा नाही. त्याच काळात मला बढती मिळाली. ऑफिसात सगळ्यांनी अभिनंदन केलं, आणि घरी जेवताना तो विषय काढायला मला जड गेलं. तेव्हा कुणी विचारलं असतं, की बाई, समाधानी आहेस का, तर पगाराच्या स्लिपकडे बघून हो म्हणावं लागलं असतं. ते खोटं होतं.

मग त्याला एका मध्यम आकाराच्या कंपनीत करारांच्या विभागात काम मिळालं. भारतातल्या पुरवठादारांशी होणारे इंग्रजी करार तपासायचे. पगार माझ्यापेक्षा बराच कमी. दुसऱ्याच आठवड्यात तो सहकाऱ्यांबद्दल कुरकुरायला लागला: अमका ईमेलला उत्तरच देत नाही, तमकी सगळ्या मीटिंगा शुक्रवारी दुपारी लावते. ती कुरकुर ऐकून मला जे बरं वाटलं, ते बढतीनेही वाटलं नव्हतं.

दर वेळी मागे पडणारी बायकोच असते असं नाही. पण सोबत आलेल्या पुरुषाला आपले लोक जे बोलतात ते फार लागतं. "सध्या काय करतोस?" हा प्रश्न इथल्या मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात त्याला झेलावा लागला. आपल्याच माणसांकडून.

इथल्या मराठी घरांत एक गोष्ट सर्रास दिसते, ती बोललीच पाहिजे. जर्मनीत विवाहितांना करवर्ग निवडता येतो. जास्त कमावणारा तीन नंबरच्या वर्गात जातो, कमी कमावणारा पाच नंबरच्या. पाचमध्ये दर महिन्याला कर जास्त कापला जातो, म्हणून बायकोच्या हातात येणारा पगार अगदी किरकोळ दिसतो. मग घरातच सुरू होतं, "एवढ्यासाठी कशाला धावपळ करतेस?" वर्षअखेरीला दोघांचा मिळून कर तेवढाच भरतो, वर्ग कुठलाही घ्या. पण बाळंतपणानंतरचा भत्ता आणि नोकरी गेल्यावरचा भत्ता हातात येणाऱ्या पगारावर ठरतो, आणि तिथे तिचं खरोखर नुकसान होतं. त्यापेक्षा दोघांनीही चार नंबरचा वर्ग घ्या. मैत्रिणींनो, आज संध्याकाळी पगाराची स्लिप काढून बघा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने आमच्याच बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, चालक अशा लोकांना इथे काम मिळावं हा हेतू, आणि त्यासाठी जर्मन शिकवण्याचीही सोय. चांगलंच आहे. माझी कळकळीची मागणी एवढीच, की त्या वर्गात जाणाऱ्याच्या जोडीदारालाही बसवा. नर्स बाई इथे रुजू होईल, पण तिचा नवरा सांगलीत फॅब्रिकेशनचं दुकान बंद करून येणार असेल, तर त्याच्या भाषेची, त्याच्या कामाची तयारी आजच व्हायला हवी. इथे उतरल्यावर पहिलं वर्ष घर शोधण्यात आणि सरकारी कार्यालयांच्या टर्मिन, म्हणजे भेटीच्या वेळा, मिळवण्यातच जातं.

आणि ज्यांच्या घरी लग्नं ठरतायत त्यांना. "मुलगा अमेरिकेत आहे" एवढ्यावर पत्रिका पुढे सरकते. पत्रिकेबरोबर हेही विचारा, की व्हिसा कुठला, आय-१४० मंजूर आहे का, नसेल तर कंपनी कधी भरणार, आमची मुलगी डेंटिस्ट आहे, तर तिला तिथे प्रॅक्टिससाठी किती वर्षं पुन्हा शिकावं लागेल आणि तो खर्च कोण करणार. मुलगा जर्मनीत असेल तर मुलीने लग्नाआधीच बी-वनपर्यंतचा क्लास लावावा, पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे. हे प्रश्न विचारले म्हणून जे स्थळ नाराज होईल, ते तिथे तिच्या नोकरीसाठी धावाधाव करणार नाही.

इथे कुणी जर्मनीत डॉक्टर, डेंटिस्ट किंवा फिजिओथेरपिस्ट म्हणून भारतातली पदवी मान्य करून घेतली असेल, तर कमेंटमध्ये सविस्तर लिहा. कुठली परीक्षा, कुठल्या कार्यालयात अर्ज, किती वेळ लागला, किती पैसे गेले. नाशिकच्या दोन मुली मला रोज मेसेज करून हेच विचारतायत आणि माझ्याकडे फक्त इंजिनियरची उत्तरं आहेत.